गप्प बसवलेली जनुकं

"माहेरी ना सासरी, आमच्यात कुणालाच कॅन्सर नव्हता. मग हिलाच कसा झाला?"

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणी ना कुणी हे विचारतंच. राहुरी तालुक्यातली बाई तपासणीसाठी लोणीला जावो, नगरला जावो की पुण्या-मुंबईला, रिपोर्ट हातात पडल्यावर बरोबर आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. कॅन्सर म्हणजे आईबापाकडून रक्तात उतरलेली खोट, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर जणींपैकी साधारण पाच ते दहा जणींनाच तो आईवडिलांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. बाकीच्यांच्या जनुकांमधला बिघाड जन्मानंतर, स्तनातल्याच काही पेशींत झालेला असतो.

हा बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एकात जनुक मोडतं, म्हणजे त्याचा मजकूरच बदलतो. दुसऱ्यात मजकूर अक्षरन् अक्षर शाबूत राहतो, पण जनुक काम करेनासं होतं. ते गप्प बसतं. या प्रकरणात आपण दुसऱ्या तऱ्हेकडे पाहणार आहोत. चांगल्या जनुकाला गप्प कोण बसवतं? उत्तराचा मोठा भाग कॅन्सरच्या पेशीत सापडतच नाही. तो सापडतो तिच्या शेजारी.

१. गप्प बसणं हा रोजचाच व्यवहार

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत जवळपास वीस हजार जनुकांचा तोच संच असतो. दुधातली प्रथिनं बनवणारं जनुक स्तनाच्या पेशीत असतं, तसंच ते केसाच्या मुळाशी आणि यकृतातही असतं. तरी यकृतातून दूध येत नाही, कारण तिथे ते जनुक गप्प असतं. म्हणजे जनुक बंद असणं हा आजार नव्हे. कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, यावरूनच पेशी स्तनाची की यकृताची हे ठरतं.

पेशी जनुक बंद कसं करते? जनुकाचा मजकूर डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, सी आणि जी. प्रत्येक जनुकाच्या सुरुवातीला एक पट्टा असतो. जनुक वाचणारी यंत्रणा तिथे येऊन बसते, तेव्हा काम सुरू होतं. या पट्ट्यात 'सी'नंतर लगेच 'जी' अशा जोड्या अनेकदा दाटीने आढळतात. अशा 'सी'वर पेशी एक छोटासा रासायनिक गट चिकटवू शकते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच तो गट, त्याला मिथाइल म्हणतात. पट्ट्यावर मिथाइलची दाटी झाली की वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे बसता येत नाही.

दुसरी सोय डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांची. त्यांना हिस्टोन म्हणतात. हिस्टोनांवर ठरावीक खुणा पडल्या की तिथला डीएनए घट्ट आवळला जातो आणि त्या भागातली जनुकं वाचता येत नाहीत. अनेकदा आधी हिस्टोनांवर खूण पडते आणि मिथाइल मागून येऊन बंदोबस्त पक्का करतं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हीच सोय चुकीच्या जागी वापरली जाते. पेशीची वाढ रोखणारी आणि डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं बंद पडतात. बीआरसीए१ हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. ते मोडलेलं असलं तर घराण्यात कॅन्सर चालत येतो. पण घराण्यात काहीही नसलेल्या काही बायकांच्या गाठीत हेच जनुक शाबूत असूनही मिथाइलमुळे गप्प झालेलं सापडतं.

२. खूण उतरत जाते

मिथाइलची खूण पुसट होऊन जात का नाही? पेशी दुभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल झाली की एक विकर (एन्झाइम) जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर त्याच जागी मिथाइल चिकटवतं. मजकुराबरोबर खुणांचीही नक्कल होते.

एक हिशेब करून पाहू. एका पेशीत रोखणारं जनुक गप्प झालं. ती दुभागली, दोन झाल्या. मग चार, मग आठ. दहा वेळा दुभागल्यावर १,०२४ पेशी, वीस वेळा दुभागल्यावर दहा लाखांहून अधिक, आणि तीस वेळा दुभागल्यावर १०७ कोटी. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी धरतात. मधल्या काळात कितीतरी पेशी मरतात, त्यामुळे खरा प्रवास याहून लांबचा असतो. पण एका पेशीवरची खूण कोट्यवधींवर कशी पोहोचते ते यातून कळतं.

मोडलेलं जनुक आणि गप्प बसलेलं जनुक यांत एक मोठा फरक आहे. मोडलेला मजकूर आपोआप पूर्ववत होत नाही. मिथाइल मात्र काढता येतं, आणि पेशीकडे ते काढणारी विकरंही असतात.

३. पेशीचा शेजार

स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकाला दूध तयार करणारे पुंजके असतात. या नळ्यांच्या आतल्या अस्तराला पेशींचा एक थर असतो. बहुतेक कॅन्सर याच थरातून निघतात. त्याच्याबाहेर आकुंचन पावून दूध पुढे ढकलणाऱ्या पेशींचा दुसरा थर आणि त्याबाहेर प्रथिनांचा एक अतिशय पातळ पडदा. पडद्यापलीकडे चरबी, रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी आणि फायब्रोब्लास्ट. फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशी. कोलॅजेनचे धागे त्या बनवतात आणि जखम झाली की ती भरून काढायला त्याच धावतात.

या प्रकरणात 'शेजार' म्हणतो तो एवढाच, मिलिमीटरच्या अंशांत मोजावा लागणारा. बाईचं घर, तिचं खाणंपिणं, तिने सोसलेलं दुःख असा अर्थ कुणी काढू नये. आजारी बाईला "तूच काहीतरी केलं असशील" असं ऐकवणारे भेटतात. त्यांना या संशोधनात काडीचाही आधार नाही.

स्तनाचा शेजार सतत बदलत असतो. पाळीच्या चक्राबरोबर, गरोदरपणात, मूल अंगावर पीत असताना आणि दूध तोडल्यावर तिथली रचना पुन्हापुन्हा मोडून नव्याने बांधली जाते. दूध तोडल्यानंतरची उलथापालथ तर जखम भरण्याच्या प्रक्रियेशी बरीच मिळतीजुळती असते. शेजारच्या पेशी अस्तराला सतत निरोप देत असतात: वाढ, थांब, मर. निरोगी स्तनात हे निरोप अस्तराला शिस्तीत ठेवतात.

४. बी आणि रान

१९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे राहुरीचं नाव महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तिथे बियाणं न्यायला आलेल्या कुणालाही विचारा. एकाच पोत्यातलं बी मुरमाड रानात, काळ्या कसदार रानात आणि पाणी साचून चोपण झालेल्या रानात सारखं येत नाही. वाफसा नसेल तर उत्तम बीसुद्धा जागेवर कुजतं.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये नेमका हाच दाखला कॅन्सरला लावला. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्त यकृतालाही जातं आणि प्लीहेलाही. पण कॅन्सर यकृतात वारंवार पसरलेला दिसला, प्लीहेत क्वचितच. तो नुसता रक्ताबरोबर वाहत जाऊन कुठेही रुजत असता तर असा फरक पडला नसता. बी सगळीकडे जातं, पण उगवतं ते मानवणाऱ्या जमिनीतच, हे पॅजेट यांचं म्हणणं. पुढची कित्येक दशकं संशोधकांचं बहुतेक लक्ष बियाकडेच राहिलं.

हा दाखला एका जागी अपुरा पडतो. शेतातली जमीन बी रुजवते किंवा कुजवते, पण बियाच्या आतली जनुकं बंद करत नाही, निदान अशी थेट नाही. स्तनातला शेजार ते करतो. पॅजेट यांच्या काळी हे कळण्याची काही सोयच नव्हती.

५. त्याच पेशी, वेगळी वागणूक

कोंबड्यांमध्ये कॅन्सर घडवणारा एक विषाणू पेटन राउस यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिला होता. मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तोच विषाणू अंड्यातल्या अगदी कोवळ्या गर्भाला टोचला. विषाणू पेशींत शिरला, त्याचं जनुक कामालाही लागलं, पण गाठ झाली नाही. त्याच गर्भातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या, तेव्हा मात्र त्या कॅन्सरसारख्या वागू लागल्या. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या एका पंखात विषाणू टोचला की तिथे गाठ होत असे, दुसऱ्या पंखात नाही. त्या दुसऱ्या पंखाला जखम केली की तिथेही गाठ येई. जखमेभोवती सुटणारे निरोप यात महत्त्वाचे होते.

१९९७ मध्ये बिसेल यांच्या गटाने माणसाच्या स्तनातल्या पेशींवर आणखी धक्कादायक प्रयोग केला. स्तनातल्या पडद्याशी मिळत्याजुळत्या जेलमध्ये त्यांनी कॅन्सरच्या पेशी वाढवल्या. त्या वेड्यावाकड्या ढिगाऱ्यात वाढल्या. मग पेशीला शेजाराचा स्पर्श कळवणारं एक प्रथिन प्रतिपिंडाने अडवलं. त्याच पेशी निरोगी स्तनात असतात तशा गोल, पोकळ, नेटक्या पुंजक्यांत रचल्या गेल्या. जनुकांतली मोडतोड होती तशीच होती. शेजाराकडून येणारा निरोप तेवढा बदलला होता.

असे प्रयोग पेशी शरीराबाहेर वाढवता आल्यामुळे शक्य झाले. आपल्याकडे हे तंत्र रुजवलं पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकून त्या मुंबईला गेल्या, डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या आणि मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांत काम करताना आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा ध्यास होता. एकट्या जनुकाला दोषी धरून थांबायचं नाही, ही दृष्टी आपल्याकडे तेव्हापासून आहे. उतारवयात, १९८९ मध्ये, त्यांनी राहुरीच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असायलाच हवं.

६. सिस्टॅटिन-एमची हकीकत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेजारी पेशी जनुक गप्प बसवते म्हणजे नेमकं काय करते? याचं स्वच्छ उदाहरण २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने प्रसिद्ध केलं.

सिस्टॅटिन-एम नावाचं प्रथिन स्तनाच्या पेशींत बनतं. आजूबाजूचे तंतू आणि प्रथिनं कापणाऱ्या काही विकरांना ते आवर घालतं. ते असेल तोवर पेशीला पडदा फोडून बाहेर पडणं अवघड जातं. स्तनाच्या गाठींत त्याचं जनुक वारंवार मिथाइलने बंद झालेलं आढळतं, पण बंद करण्याची सुरुवात कुठून होते हे कळत नव्हतं.

संशोधकांनी अस्तराच्या पेशी गाठीतून घेतलेल्या फायब्रोब्लास्टबरोबर एकत्र वाढवल्या. काही जनुकांचा आवाज खाली आला, त्यात सिस्टॅटिन-एमचं जनुकही होतं. घडलं ते असं. पेशीला 'वाढ, जग' असा आदेश देणारं एकेटी१ नावाचं प्रथिन असतं, आणि त्याला लगाम घालणारं आयएनपीपी४बी नावाचं दुसरं. गाठीतल्या फायब्रोब्लास्टच्या सहवासात हा लगाम सुटला, एकेटी१ बेबंद झालं. त्यापाठोपाठ सिस्टॅटिन-एमच्या जनुकाजवळच्या हिस्टोनांवर दाबणाऱ्या खुणा पडल्या आणि डीएनएवर पूर्वी नसलेलं मिथाइल चढलं. पहिल्या भागातला क्रम आठवत असेल: आधी हिस्टोन, मग मिथाइल.

यात दोन पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श महत्त्वाचा ठरला. आणि परिणाम केवढा! शेजाऱ्याने जे जनुक गप्प केलं, तेच पेशीला शेजारात घुसण्यापासून रोखत होतं.

७. खुणा शेजाऱ्यांवरही

निरोगी स्तनातला फायब्रोब्लास्ट असं वागत नाही. मग गाठीजवळचाच का बिघडतो? अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या कॉर्नेलिया पॉल्याक यांच्या गटाने २००५ मध्ये गाठीतले वेगवेगळे पेशीप्रकार अलग केले आणि प्रत्येकाचं मिथाइल मोजलं. अस्तर, त्याबाहेरचा थर, फायब्रोब्लास्ट: तिन्हींत खुणा बदललेल्या होत्या आणि प्रत्येकात निराळ्या. म्हणजे कॅन्सरची पेशीही शेजाऱ्याला बदलवते आणि बदललेला शेजारी तिला.

पेशी अलग करणं का गरजेचं, ते साध्या हिशेबाने समजेल. गाठीच्या तुकड्यात शंभर पेशी आहेत, त्यांपैकी ६० कॅन्सरच्या आणि ४० शेजारच्या. एक जनुक सगळ्या कॅन्सरपेशींत बंद आणि शेजाऱ्यांत चालू असेल तर तपासणी सांगेल, ६० टक्के बंद. आता समजा तेच जनुक कॅन्सरच्या फक्त ३० पेशींत आणि शेजारच्या ३० पेशींत बंद आहे. उत्तर पुन्हा ६० टक्के! गाठ नुसती वाटून तपासली तर हा फरक कळतच नाही.

प्राणवायूची कमतरता हा शेजाराचा आणखी एक मार्ग. गाठ वेगाने वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात, आतल्या पेशी गुदमरतात. मिथाइल काढायला सुरुवात करणाऱ्या विकरांना प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की काढणं मंदावतं, चढवणं चालूच राहतं आणि खुणा साचतात. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे दाखवून दिलं.

मिथाइलच्या खुणा उतरवणारी औषधं आहेत. ॲझासायटिडिनला २००४ मध्ये आणि डेसिटाबिनला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही अस्थिमज्जेच्या एका आजारासाठी. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांत त्यांना जागा मिळालेली नाही. ही औषधं निवडून एका जनुकाची खूण काढत नाहीत, सरसकट काढतात. माझ्या मते अडचण याहूनही खोल आहे. पेशीवरची खूण उतरवली आणि ती पाडायला लावणारा शेजारी तसाच राहिला, तर खूण पुन्हा पडायला कितीसा वेळ लागणार?

८. गाठीभोवतीचं इंजेक्शन

गाठीइतकंच गाठीभोवतीच्या भागाकडे लक्ष दिल्याने काय साधतं, याचं ठळक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत मिळून सोळाशे बायकांवर एक चाचणी केली. ऑपरेशनने काढण्याजोगा, लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या या बायका होत्या. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या सभोवार लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात ते हेच जुनं, स्वस्त औषध. बाकी ऑपरेशन आणि नंतरचे उपचार दोन्हीकडे सारखे.

निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. फरक ३.७ टक्क्यांचा. शंभराला ३.७ ने भागा: साधारण २७ जणींना हे इंजेक्शन दिलं की पाच वर्षांत एक जीव जास्तीचा वाचतो. हा परिणाम जनुकांवरच्या खुणांमुळे होतो असं ही चाचणी सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या हाताळणीने गाठीभोवती सुटणारे निरोप औषध अडवत असावं, असा संशोधकांचा तर्क आहे. पण उपचार बियावर नव्हता, भोवतीच्या रानावर होता, एवढं नक्की.

इथे गावोगावी ऐकू येणाऱ्या भीतीबद्दल बोललं पाहिजे. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" म्हणून कितीतरी बायका बायॉप्सी टाळतात. तपासणीच्या सुईमुळे स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य घटतं असं आढळलेलं नाही. बायॉप्सीशिवाय कॅन्सरचा प्रकार कळत नाही, आणि प्रकार कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. जीव जातो तो टाळण्यात गेलेल्या महिन्यांमुळे.

९. बोटांना लागतं ते काय?

स्तनातली कॅन्सरची गाठ हाताला टणक का लागते? कॅन्सरच्या पेशी स्वतः काही कठीण नसतात. टणकपणा येतो तो बहुतांशी शेजारामुळे. बिघडलेले फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे जाड धागे भराभर विणतात, धागे एकमेकांना जखडले जातात आणि तो भाग आवळून घट्ट होतो. घट्टपणाचा दाब पेशींना पुन्हा वाढीचेच निरोप देतो. मॅमोग्राफीत ज्यांच्या स्तनात पांढरा, दाट भाग फार मोठा दिसतो, त्यांना हा कॅन्सर होण्याची शक्यता अगदी कमी दाटपणा असलेल्यांपेक्षा चार ते सहा पट असते.

म्हणजे बोटांनी तपासताना आपण मुख्यतः गाठीचा शेजारच चाचपत असतो. अशा तपासणीचा उपयोग किती, हे टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून वीस वर्षं अभ्यासलं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातांनी स्तन तपासले. मॅमोग्राफी नाही, कसलं यंत्र नाही. या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नास आणि त्यावरच्या वयाच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ९८ हजार दगावतात. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारी आरोग्य कार्यक्रमात २०१६ पासून ठरलेलं आहे. ती अशीच हाताने करायची असते, तिला मोठ्या यंत्राची गरज नाही. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्याबद्दल विचारता येतं. दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका, कारण ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.